भोपळ्यात अंधार का पडतो

वेल्समध्ये टेन्बीजवळच्या एका कॅम्पसाइटवर रात्री साडेनऊला आमच्या मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, मी भांडी घासायला नळ सोडला आणि डोक्यावरचा दिवा मिणमिणला. नळ बंद केला, दिवा पूर्ववत. पुन्हा सोडला, पुन्हा मिणमिणला. पॅनेलवर बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे कागदोपत्री सगळं उत्तम. नवरा म्हणाला, बॅटरी गेली. शेजारच्या व्हॅनमधले आजोबा छत्री धरून आले, आत डोकावले, तेही म्हणाले, बॅटरी गेली. स्विंडनला घरी परतल्यावर नव्वद पौंड मोजून नवी बॅटरी आणली, बसवली, नळ सोडला. दिवा मिणमिणला.

आमची मोटरहोम १९९९ सालची. चॅसी इटलीची, वरचं घर इंग्लंडमध्ये बांधलेलं, आणि आम्ही चौथे मालक. मुलगा लहान असताना त्यानं गाडीचं नाव भोपळा ठेवलं, म्हातारीला लेकीकडून घरी आणणारा तो टुणुक टुणुक भोपळा, आणि ते कायमचं चिकटलं. आधीच्या तिन्ही मालकांनी आपापली हौस तिच्यात भागवून घेतलेली. एकानं टीव्हीचा अँटेना बसवला, दुसऱ्यानं मागचा कॅमेरा, तिसऱ्यानं कपाटात दिवे. जाताना वस्तू नेल्या, वायरी ठेवल्या. म्हणून कंपनीची मूळ वायरिंगची आकृती मिळाली तरी तिच्यावर फार विसंबू नका. आकृती गाडी जन्मली तेव्हाची, आणि बिघाड बहुतेक नंतरच्या पाहुण्यांचा.

त्या नव्वद पौंडांनंतर मी एक नियम केला: मोजल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही.

माझे अण्णा कराडला एमएसईबीत वायरमन होते. त्यांच्या पिशवीत महागडं मीटर कधी नसायचं. होल्डरमध्ये लावलेला एक बल्ब आणि होल्डरमधून निघालेल्या दोन वायरी, एवढंच. कुणाच्या घरी 'टेस्टर पेटतोय, पण पंखा फिरत नाही' अशी तक्रार असली की ते टेस्टरकडे बघायचेही नाहीत. टेस्टरला पेटायला नखभर करंट पुरतो, न्यूट्रल तुटलेला असला तरी तो पेटतोच. बल्बला मात्र खरोखरीचा करंट लागतो, जायला वाट आणि परतायलाही वाट. भोपळ्याच्या पॅनेलवरचे ते १२.६ म्हणजे पेटलेला टेस्टर होता, हे माझ्या लक्षात यायला बॅटरीचे पैसे जावे लागले.

आधी तीन घरं वेगळी करा

मोटरहोममध्ये वीज तीन ठिकाणची असते. इंजिनाची १२ व्होल्टची बॅटरी: सेल्फ, हेडलाइट, वायपर. घराची वेगळी १२ व्होल्टची बॅटरी: दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा. तिसरी, कॅम्पसाइटच्या खांबावरून नारिंगी केबलमधून येणारी २३० व्होल्टची. ती चार्जरमार्फत घरची बॅटरी भरते आणि तुमच्या सॉकेटना मिळते. बिघाड झाला की पहिला प्रश्न, कुठल्या घरात? खांबाची केबल काढून दिवे लागतात का? केबल लावून दिवे लागतात पण काढली की जातात का? तसं असेल तर घरच्या बॅटरीकडे किंवा तिच्या फ्यूजकडे जा. इंजिन चालू केल्यावर घरची बॅटरी १३.८ ते १४.४ पर्यंत चढते का? नसेल तर दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या मधल्या रिलेकडे, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचकडे.

इथे एक गंमत. इंजिन सुरू केलं की आमच्या घरातले दिवे आणि पंप आपोआप बंद होतात. पहिल्या आठवड्यात मी यावर अख्खी दुपार घालवली आणि नवऱ्याकडून दोनदा टॉर्च धरून घेतला. तो बिघाड नाहीच. इथल्या बऱ्याच मोटरहोममध्ये तशी सोयच असते, गाडी चालताना घराचा पुरवठा तोडणारा एक रिले. फ्रिजचं उलटं: गॅस, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज १२ व्होल्टवर फक्त इंजिन चालू असतानाच चालतो, कारण तो दहा अँपिअरच्या आसपास खातो आणि उभ्या गाडीत बॅटरी काही तासांत संपवेल.

वायरीच्या रंगावर जाऊ नका. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर म्हणजे अर्थ, बॅटरीच्या मायनसकडे परतणारी. २३० च्या केबलमध्ये तपकिरी म्हणजे फेज. आणि मागच्या मालकाच्या गॅरेजमध्ये जो रंग शिल्लक होता, तो म्हणजे काहीही.

हात घालण्याआधी

२३० ची केबल खांबावरून काढा. बंद करू नका, काढा, आणि तिचं निळं टोक दिसेल असं पायरीवर ठेवा, म्हणजे कुणी आपण होऊन लावणार नाही.

मग अंगावरचं काढा. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. पण बॅटरीच्या प्लसवर आणि गाडीच्या पत्र्यावर एकाच वेळी टेकलेली सोन्याची बांगडी क्षणात लालबुंद होते, आणि ती मनगटात असते. माझी बांगडी वाचली, दहा नंबरचा पाना गेला. निसटून मध्ये पडला, ठिणगी उडाली आणि त्याच्या टोकाला तांदळाएवढा खड्डा पडला. अजून वापरते, आठवणीपुरता. बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. मंगळसूत्र लांब असेल तर तेही काढून ठेवा. वाकून काम करताना ते नेमकं टर्मिनलवर लोंबतं.

हत्यारं दोन

एक साधा डिजिटल मल्टीमीटर. दुसरा अण्णांचा बल्ब, फक्त १२ व्होल्टचा. ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरसकट मिळाला तर उत्तम, त्याला मीटरभर लांबीच्या दोन वायरी जोडा, टोकांना मगरीच्या जबड्याचे क्लिप, आणि एका वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज. हा पेटला की पावणेदोन अँपिअर खातो, म्हणजे वायरीला काम लावतो. फक्त इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या आणि एअरबॅगच्या वायरींना तो लावू नका. त्यांना एवढा करंट सोसत नाही.

बॅटरीची परीक्षा दोन भागांत. आधी निवांत: चार्जर आणि सोलर बंद करून काही तास तशीच ठेवा, मग मोजा. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.७ ला भरलेली, १२.४ ला पाऊण, १२.२ ला अर्धी, १२ ला जवळजवळ उतरलेली. नुकत्याच चार्जरवरून काढलेल्या बॅटरीचा १३.१ आकडा बघून खूश होऊ नका, तो वरवरचा फेस आहे. मग कामाला लावून: सगळे दिवे आणि पंप चालू करा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरच मोजा. भरलेली बॅटरी पाच-सहा अँपिअरला थोडीशी खाली येते आणि तिथेच थांबते. बघता बघता साडेअकराच्या खाली सरकू लागली तर मात्र नवरा आणि आजोबा बरोबर.

हरवलेले व्होल्ट शोधणं

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली रीत हीच, म्हणून सावकाश सांगते.

पंप चालू ठेवा. टाकी भरलेली हवी. मुलाला नळ धरून उभं केलं. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजलं: १२.४. आता पंपाच्या दोन्ही टोकांवर: १०.०. मध्ये २.४ व्होल्ट हरवले. ते वायरीत कुठे तरी आहेत आणि त्यांना पकडायला मीटर पुरतं.

मीटरची एक काडी बॅटरीच्या प्लसवर, दुसरी पंपाच्या प्लसवर. अशी दोन्ही प्लसवर काडी ठेवायला आधी विचित्र वाटतं. वायर धडधाकट असेल तर मीटर शून्याजवळ दाखवतं. माझ्याकडे ०.३ आलं. म्हणजे जाणारी वाट ठीक. मग एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी पंपाच्या मायनसवर: २.१. सापडला. बिघाड परतीच्या वाटेवर होता, जिकडे कुणी बघत नाही.

(अर्ध्या व्होल्टपर्यंतचं नुकसान मी जुन्या गाडीत सोडून देते. बायपास व्हायची असलेल्या रुग्णाला सर्दीचं औषध कशाला.)

आता बॅटरीच्या मायनसवरची काडी तिथेच ठेवून दुसरी काडी पंपाकडून एकेक जोड मागे आणत गेले. पंप, कपाटातली कनेक्टर पट्टी, बाकाखालची पट्टी: २.१, २.१, २.०. शेवटी पुढच्या प्रवासी सीटखाली एक स्क्रू लागला, त्यावर चार काळ्या वायरी एकावर एक. वायरींच्या बाजूला २.०, स्क्रूपलीकडच्या पत्र्यावर ०.१. दिव्यांचीही परतीची वायर त्याच स्क्रूवर, म्हणून पंप लागला की दिवे मिणमिणत.

ही मोजणी पंप चालू असतानाच करायची. पंप बंद असताना हाच जोड मीटरवर निर्दोष दिसतो, कारण करंटच वाहत नाही, तर अडणार काय? मीटर ओहमच्या खुणेवर, म्हणजे वायरीचा रोध मोजायला, लावलं तरी हा सापडत नाही. हिशेब बघा: पाच अँपिअरला दोन व्होल्ट म्हणजे जेमतेम ०.४ ओहम, आणि माझ्या मीटरच्या काड्यांचाच ०.३ दिसतो. पण त्याच जोडात दहा वॅटची उष्णता तयार होत होती. स्क्रूशेजारच्या प्लायवुडवर रुपयाएवढा तपकिरी डाग होता, तो बघून त्या रात्री मला जरा उशिरा झोप लागली.

स्क्रू काढला. खाली हिरवा कळंक, कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवल्यावर येतो तसा. वायर सोलली तर आतून तांबं काळं. अशा वायरीला नवा लग (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) नुसता वरून दाबू नका. चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापत मागे जा, मला चार इंच कापावी लागली. पत्र्यावरचा रंग खरवडून धातू उघडा करा, लग नीट दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन. मग म्हणजे नंतर. आधी लावलंत तर तुम्ही जोडातच चरबी भरली. खर्च दोन पौंडांच्या आत. पंप चालू करून पुन्हा मोजलं, ०.०४. मुलगा म्हणाला, आई, पाणी जोरात येतंय. आम्हाला तीन वर्षं वाटत होतं की या पंपाचा जोरच एवढा.

हीच रीत सेल्फलाही लावा. सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक' होतं आणि इंजिन फिरत नाही, तर मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिन आणि चॅसी यांच्यातली विणलेली अर्थ पट्टी सडली आहे. ती खाली असते, रस्त्यावरचं मीठपाणी खाते आणि पंचवीस वर्षांत कुणी तिला हात लावलेला नसतो. आणि ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर अंधुक उजळतो, ही भुताटकीसुद्धा मागच्या दिव्याच्या अर्थचीच. करंटला परतायची वाट मिळेना की तो शेजारच्या बल्बमधून शिरतो. एमओटीच्या, म्हणजे इथल्या गाड्यांच्या वार्षिक सरकारी, तपासणीला जायच्या आदल्या दिवशी हे बघून घ्या, परतल्यावर नको.

बॅटरी कोण पितंय

गाडी तीन आठवडे दारात उभी, आणि निघायच्या दिवशी घरची बॅटरी ठार. आमच्याकडे हे दोनदा झालं.

सगळं बंद करा, दारं लावा, सोलर पॅनेल असेल तर त्याचा फ्यूज काढा. बॅटरीची मायनस वायर काढून मल्टीमीटर मध्ये जोडा, लाल काडी १० अँपिअरच्या भोकात. आता चुकूनही काही मोठं चालू करू नका, करंट १० अँपिअरच्या वर गेला तर मीटरचा फ्यूज जाईल. काम झालं की लाल काडी लगेच मूळ भोकात परत. ती १० अँपिअरच्या भोकात विसरून पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल तर तुम्हीच शॉर्ट कराल.

माझ्याकडे ०.१५ अँपिअर आलं. ऐकायला किरकोळ. पण चोवीस तासांत ३.६ अँपिअर-तास, आणि एकवीस दिवसांत आमची ७५ ची बॅटरी कोरडी. अलार्म, गॅसचा सेन्सर वगैरे मिळून ०.०३ पर्यंत मी समजू शकते. मीटरवर नजर ठेवून एकेक फ्यूज काढत गेले. पहिला, दुसरा, तिसरा काढला, काही नाही, परत लावले. चौथा काढला आणि आकडा ०.०३ वर.

चौथ्यावर काय काय आहे ते कुणाला माहीत? त्याच्यावरचे सगळे दिवे बंद दिसत होते. मग कपाटातल्या दिव्यांच्या पट्टीचा संशय आला. तिसऱ्या मालकाची ती हौस, दार उघडलं की लागते आणि मिटलं की विझते. विझते हे कसं कळणार? दार मिटल्यावर आत बघणार कोण? मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत साड्यांवर ठेवला आणि दार मिटलं. (हो, कॅम्पिंगला साड्या. लेस्टरला दिवाळीला जायचं होतं.) व्हिडिओत दार मिटल्यावरही लख्ख उजेड. बिजागरी सैल होऊन दार दोन मिलिमीटर खाली आलं होतं, बटण दाबलंच जात नव्हतं. उपाय: बटणाच्या जागी दारावर पुठ्ठ्याचा तुकडा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा

मोठा फ्यूज घालू नका. गावाकडे किटकॅटमध्ये (चिनीमातीच्या जुन्या फ्यूजमध्ये) तारेचे चार पदर पिळून घालायची आपली सवय असते, ती इथे विसरा. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. १० च्या जागी ३० घातलात तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी लाकडी भिंतीतली वायर वितळेल.

दहा फ्यूज जाळत बसण्यापेक्षा फ्यूजच्या जागी तुमचा बल्ब लावा, दोन क्लिप दोन टोकांना. त्या लाइनवरचं सगळं बंद ठेवा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि पेटलेलाच राहील, वायरीला धोका नाही, कारण बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊच देत नाही. आता निवांत हिंडा. एकेक वस्तू सोडवा, वायरी हलवा, जिथे हात लावल्यावर बल्ब विझेल तिथे दुखणं. आमचा दाराबाहेरच्या दिव्याचा फ्यूज अधूनमधूनच उडायचा, नेहमी नाही. मुलाला बल्बसमोर बसवून मी दाराच्या चौकटीवर गुद्दे मारत गेले. 'पेटला' म्हणून तो ओरडला तिथलं आवरण काढलं. पत्र्याच्या भोकातून वायर गेलेली, भोकाला रबराची रिंग नाही, आणि पत्र्याच्या धारेनं वायरीचं प्लास्टिक पंचवीस वर्षं थोडं थोडं कापत आणलेलं.

२३० व्होल्ट: एवढंच करा

२३० चा डबा मी उघडत नाही. अण्णांची मुलगी असूनही नाही. तो इथल्या नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेते. पण डबा न उघडता बरंच कळतं.

खांबावरचा ब्रेकर पडला तर आधी गुणाकार करा. खांब ६ अँपिअरचा असेल तर तुमच्याकडे १३८० वॅट आहेत. घरची किटली दोन-तीन हजार वॅटची. तो बिघाड नाही, चहाची घाई आहे. गॅसवर ठेवा.

आरसीडी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर सगळ्या वस्तूंचे प्लग उपसून काढा, नुसते एमसीबी (एकेका लाइनचे ब्रेकर) खाली करून भागत नाही. बऱ्याच गाड्यांत एमसीबी फक्त फेज तोडतो, आणि आरसीडी न्यूट्रल अर्थला टेकला तरी पडतो. मग एकेक लावत जा. वॉटर हीटरचं किंवा फ्रिजचं जुनं एलिमेंट ओल धरून बसलेलं सापडण्याची शक्यता मोठी. नारिंगी केबल पूर्ण उलगडा. गुंडाळी करून ठेवलेल्या केबलमधून हीटर चालवलात तर आतले वेढे तापतात.

फेरीबोटीनं फ्रान्सला उतरलात तर सॉकेटमध्ये लावायचा तीन दिव्यांचा टेस्टर जवळ ठेवा. तिथे फेज-न्यूट्रल उलटे मिळणं नवीन नाही. वस्तू चालतात, पण जिथे बटण एकच वायर तोडतं तिथे बंद केलेल्या वस्तूतही फेज उभा असतो. उलट्या जोडणीची एक छोटी केबल लोक बाळगतात. आमच्या केबलवर लाल पट्टी गुंडाळली आहे, ब्रिटनमध्ये चुकून लागू नये म्हणून.

हे सगळं करताना एक वही ठेवा. माझी फ्यूजच्या डब्याच्या दारावरच चिकटवलेली आहे: १ पंप, २ पुढचे दिवे, ३ हीटरचा पंखा, ४ कपाट (पुठ्ठा बघणे). सगळं मराठीत. मागच्या एमओटीला गॅरेजमधल्या पोरानं टॉर्च मारून बघितलं आणि विचारलं, हे कंपनीचं लेबल आहे का. पाचवा मालक मिळेल तेव्हा त्याला इंग्रजीत लिहून द्यावं लागेल.